खोपकरांची दक्षिण दिशा

खोपकरांकडे जेवायला जायचं असलं की आम्ही कपड्यांच्या आतून थर्मल घालायचो. जून-जुलैच्या ऐन हिवाळ्याचं सोडाच, ऑक्टोबरातसुद्धा. ख्राइस्टचर्चच्या मराठी मंडळींत हे न बोलता ठरून गेलं होतं की त्या घरात जाकीट काढायचं नाही. आणि यजमान? ते अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून दारात उभे. नाकाचा शेंडा लाल, हातावर शहारे, आणि वर आम्हालाच विचारणार, "कसं उबदार आहे की नाही घर? साउथ-फेसिंग आहे."

हा माणूस मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुठे माझा सूर नरम झालाच, तर तो खोपकरांसाठी नाही, त्यांच्या बायकोसाठी, सुनंदावहिनींसाठी आहे असं समजा.

आम्ही हॉर्नबीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात एकत्र होतो. कारखाना कोल्ड स्टोअरचा. मटण, मासे, आइस्क्रीम ठेवायच्या पत्र्याच्या प्रचंड थंडगार खोल्या आम्ही बनवायचो. खोपकर तिथले सीनियर इंजिनिअर. बाहेरची उष्णता अडवायला कुठल्या भिंतीला किती जाडीचं पॅनल लागेल, याचं गणित त्यांचं. मी त्यांच्या हाताखाली ड्रॉइंग काढायची. काम चोख होतं त्यांचं, ते नाकारून चालणार नाही. पण कामाचे आठ तास सोडले तर हा माणूस न्यूझीलंडमध्ये राहतच नव्हता. तो राहत होता अमेरिकेत, अगदी उत्तरेच्या टोकाला, एका छोट्याशा शहरात, जिथून कॅनडा दोन तासांवर आहे.

तिथे ते अकरा वर्षं होते. त्या शहराचं नाव मी लिहिणार नाही. त्यांनी ते माझ्यासमोर इतक्यांदा घेतलंय की माझ्या वाटणीचं संपलं. ते स्वतःही 'द सिटी' एवढंच म्हणायचे, जणू जगात बाकी सगळ्या वाड्या-वस्त्या. आपल्याकडचा एखादा तालुका त्याच्यापेक्षा मोठा भरेल.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी, दहाच्या चहाला, त्यांनी टी-रूममधला पेपर टॉवेल ओढला आणि मला त्या शहराचा भूगोल काढून दाखवला. पुढच्या सहा वर्षांत तोच नकाशा मी किती वेळा पाहिला असेन, देव जाणे. क्रम ठरलेला. आधी लेक, ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. मग त्यात येऊन मिळणारी नदी. मग काठावरून एकदम चढत गेलेला डोंगर आणि त्यावर पायऱ्यांसारखी घरं. मग जहाज आलं की वर उचलला जाणारा पूल. मग पेन किंचित थांबायचं, डोंगराच्या मध्यावर एक टिंब द्यायचं आणि खोपकर म्हणायचे, "हे आम्ही."

त्यानंतर लोकसंख्या. स्वीडनहून आलेल्यांचे वंशज किती, फिनलंडवाले किती, कॉलेजची पोरं किती, हॉस्पिटलात कामाला किती, आणि शेवटी एकूण आकडा. हजारात नव्हे, अगदी एककापर्यंत. तो आकडा मला अजून तोंडपाठ आहे, आणि त्याचाच मला जास्त राग आहे.

आमच्या वर्कशॉपचा फोरमन ग्रेग हे सगळं बिस्किट खात ऐकत होता. आपण 'झकास' म्हणतो त्या सुरात तो म्हणाला, "स्वीट ॲज. मग तू इकडे कशाला आलास, मेट?"

खोपकरांनी टॉवेलची घडी केली, खिशात ठेवली आणि कप धुवायला गेले. ग्रेगने माझ्याकडे बघून खांदे उडवले.

का आले, ते मला पुढे वहिनींकडून कळलं. ग्रीन कार्डाच्या रांगेत नऊ वर्षं उभे होते. कंपनीने डिपार्टमेंट बंद केलं आणि दोन महिन्यांत गाशा गुंडाळावा लागला. मुलगी मृण्मयी तिथेच जन्मलेली, शाळेत जाणारी. भारतात परत जायची लाज वाटली, म्हणून न्यूझीलंड. खोपकर मात्र लोकांना सांगायचे, "आम्हाला चेंज हवा होता."

त्यांच्या चेंजचा आम्हाला भयंकर जाच झाला. पेट्रोलला ते गॅस म्हणायचे. कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात, त्याला ते कन्व्हिनियन्स स्टोअर म्हणायचे आणि समोरच्याला कळलं नाही की त्याची कीव करायचे. कोणी किआ ओरा म्हणून माओरीत नमस्कार केला की उत्तर 'हाय देअर', आणि शेवटचा र जिभेवर गोल फिरवून. मराठी मंडळाची सहल लेक टेकापोला गेली होती. निळंशार पाणी, मागे बर्फाचे डोंगर. खोपकरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "छान आहे तळं." आमची एवॉन नदी त्यांच्या लेखी ओढा, पोर्ट हिल्स म्हणजे उंचवटे, आणि थंडीने आमचे दात वाजत असले तरी, "याला थंडी नाही म्हणत." जुलैत सकाळी गाडीच्या काचेवरचं हिमसुद्धा ते क्रेडिट कार्डाने नाही, तिकडून आणलेल्या खास खरवडणीने काढायचे. पार्किंगमध्ये सगळ्यांना दिसेल असं.

आता घराची गोष्ट. या देशात येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा त्यांनी ते घेतलं. डिसेंबर महिना, ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी सातला बघायला गेले. दिवाणखान्याला जमिनीपासून छतापर्यंत काचा, समोर टेकड्या, आणि काचेतून तिरपं सोनेरी ऊन थेट गालिच्यावर पडलेलं. खोपकरांनी फोनवर होकायंत्र काढलं. बरोब्बर दक्षिण. "झालं," ते म्हणाले, "हेच घ्यायचं." उत्तर अमेरिकेत थंडीतला सूर्य दक्षिणेकडून येतो. तिथे शहाणा माणूस घर घेताना दक्षिणेच्या खिडक्या मोजतो. खोपकरांनी मोजल्या.

वहिनी नको म्हणाल्या होत्या. त्यांचं कारण वेगळंच होतं. "अहो, दक्षिण यमाची दिशा. दक्षिणेला तोंड करून आपण साधं जेवायलासुद्धा बसत नाही." खोपकर एजंटसमोरच हसले आणि त्याला इंग्रजीत समजावून सांगितलं की माय वाइफ इज सुपरस्टिशस. एजंटही हसला. त्याला काय, तो हसणारच.

मी स्वतः बौद्ध घरातली. यम, वास्तू, पंचांग यांना आमच्या घरात कधी थारा नव्हता. त्यामुळे वहिनींचं कारण मलाही पटलं नसतं. पण या गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो, एवढं तरी स्वतःला सायन्सवाला म्हणवणाऱ्याला ठाऊक हवं. डिसेंबरात संध्याकाळी तो नैऋत्येला मावळायला जातो, म्हणून त्यांच्या गालिच्यावर तासभर ऊन आलं होतं, बस. आता खरं बोलायचं तर पहिलं वर्षभर माझ्याही दिशा उलट्याच फिरत होत्या. आपण सगळेच तिकडून डोक्यात दुसरा सूर्य घेऊन येतो. चूक कोणाचीही होते. पण मे महिना आला, दिवाणखान्यातलं ऊन गेलं ते गेलंच, आणि खोपकरांनी काय निदान करावं? म्हणाले, "इथला सूर्यच वीक आहे."

सूर्यच वीक. मी हे माझ्या कानांनी ऐकलंय. घर बरोबर, होकायंत्र बरोबर, खोपकर बरोबर. चुकला तो सूर्य.

घराच्या उत्तरेला गॅरेज आणि त्याला लागून लॉन्ड्री. वॉशिंग मशीन, सिंक, आणि मागच्या अंगणात उघडणारं एक अर्ध्या काचेचं दार. घरात जे काही ऊन यायचं ते त्या दारातून, चटईएवढं. एकदा जेवणाआधी पाणी मागायला म्हणून मी आत गेले तर स्वयंपाकघरात कोणी नाही. वहिनी लॉन्ड्रीत. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या, पाय उन्हात सोडलेले. मशीनच्या झाकणावर त्यांचा चष्मा, रेडिओ, खोकल्याचं औषध, भाच्याच्या लग्नाची पत्रिका. माणसाचा सगळा संसार तिथे येऊन बसला होता.

"ये रजनी," त्या म्हणाल्या. "माझा दिवाणखाना हा."

"खुर्ची सरकवून घ्या की आणखी पुढे, दारात."

"दारात बसले की ते म्हणतात, लोक काय म्हणतील, बाई धुण्याच्या खोलीत बसते."

आम्ही दोघी हसलो. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबेना. त्या वर्षी बेडरूमच्या कोपऱ्यांतून काळी बुरशी वर चढत होती. सकाळी काचांवरून पाणी ओघळायचं आणि वहिनी जुने टॉवेल घेऊन टिपत बसायच्या. डॉक्टरने सांगितलं होतं, औषधापेक्षा यांना कोरडी, उन्हाची खोली द्या.

त्या जेवणाच्या वेळी मी भिंतीवरचा फोटो पहिल्यांदा नीट पाहिला. शहराच्या वेशीवरची हिरवी पाटी. वर शहराचं नाव, खाली तो आकडा. बर्फात पाटीच्या बाजूला तिघे उभे: खोपकर, वहिनी, आणि लाल टोपीतली एवढीशी मृण्मयी.

"जनगणनेच्या वेळी घरी बाई आली होती," खोपकर म्हणाले. "आमच्या तिघांची नावं तिने स्वतः लिहून घेतली. या आकड्यातले तीन आम्ही आहोत."

मृण्मयी तेव्हा कॉलेजात होती, वेलिंग्टनहून सुट्टीला आलेली. तिला मराठी सगळं समजायचं, बोलायची इंग्रजी. तिने ताटावरून मान वर केली. "डॅड, मॉम कान्ट ब्रीद. द हाउस इज द राँग वे राउंड. एव्हरीवन नोज."

वहिनींनी घाईघाईने आमटी वाढायला घेतली. खोपकर शांतपणे म्हणाले, "तू तिथे जन्मलीस, पण वाढलीस इथे. तुला नाही कळायचं." आणि मला भाताचा आग्रह केला.

वहिनींनी आयुष्यात त्यांच्याकडे फार काही मागितलं नसावं. त्या हिवाळ्यात एकच गोष्ट मागितली. लॉन्ड्रीच्या भिंतीत एक मोठी खिडकी पाडा, मशीन गॅरेजात हलवा, मी तिथे पलंग टाकते. घर विकू नका, चूक झाली म्हणू नका, कोणाला काही सांगू नका. फक्त एक खिडकी. ग्रेग म्हणाला, मी दोन शनिवारांत करून देतो, त्यात काय.

खोपकरांनी ग्रेगचे आभार मानले आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, "अगं, उत्तरेला खिडकी पाडली तर सगळी थंडी आत येईल."

हे वहिनींनी मला फोनवर सांगितलं. त्या रडत नव्हत्या. मीच इकडे तोंडाला येईल ते बोलत सुटले. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं. त्यांना खरंच तसं वाटतं."

मलाही तोवर तसंच वाटायचं. माणूस हटवादी आहे, अडाणी आहे, पण मनापासून अडाणी आहे. तोही समज महिनाभराने गेला.

टिमारूच्या एका गिऱ्हाइकाचं कोल्ड स्टोअर होतं. खोपकरांनी गणित करून कागद माझ्या टेबलावर ठेवला. तीन भिंतींना नेहमीचं पॅनल, चौथीला पन्नास मिलिमीटर जास्त. चौथी भिंत उत्तरेची. बाजूला त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं: नॉर्थ वॉल, सोलर लोड. मग मी जुन्या फायली काढल्या. सहा वर्षांचं प्रत्येक काम. प्रत्येक कामात उत्तरेची भिंत जाड, आणि बाजूला तेच अक्षर, तीच सही. मटणाला कुठल्या बाजूने ऊन लागतं, हे या गृहस्थांना पहिल्या वर्षापासून बिनचूक ठाऊक होतं.

मी कागद घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "खोपकर, ही भिंत जाड का?"

"ऊन येतं त्या बाजूने," ते सहज म्हणाले. आणि म्हटल्यावर त्यांना ऐकू आलं.

"आणि घरी कुठल्या बाजूने येतं?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मी वाट बघत होते. एक शब्द बोलले असते तर मी सगळं माफ केलं असतं. शेवटी म्हणाले, "घर आणि कोल्ड स्टोअर वेगळं असतं, मॅडम."

माझं डोकंच फिरलं. काय करू, म्हणून मी सगळ्यात कोत्या मनाचं काम केलं. त्यांच्या शहराची ताजी लोकसंख्या शोधून काढली आणि दुसऱ्या दिवशी चहाला, ग्रेगसमोर, मोठ्याने म्हटलं, "खोपकर, तुमचा आकडा जुना झाला. तुमची सिटी आटतेय. माणसं कमी झालीत."

मला वाटलं वाद घालतील, नकाशा काढतील. त्यांनी कपात चमचा फिरवला आणि म्हणाले, "हो. तीन तर आमचीच."

एवढं बरं वाक्य या माणसाकडे असावं, याचासुद्धा मला रागच आला. बायकोची छाती कफाने भरली होती, आणि हा तिकडच्या तिघांचं सुतक धरून बसला होता.

ऑगस्टात वहिनी पाच दिवस हॉस्पिटलात होत्या. न्यूमोनिया. घरी सोडायच्या दिवशी मी न्यायला गेले, तेव्हा त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "रजनी, मला त्या घरात नको नेऊस."

एवढंच. ना भांडण, ना आरोप. आधी माझ्याकडे तीन आठवडे राहिल्या, मग रिकार्टनला एका खोलीचं युनिट घेतलं. मागे इवलंसं अंगण, आणि उत्तरेला भिंतभर खिडकी. पहिल्या दिवशी त्यांनी खिडकीखाली सतरंजी घातली आणि अकरापासून दोनपर्यंत चक्क झोपून राहिल्या. खोकला हळूहळू उतरला. खोपकरांना त्यांनी फोन केला होता, माझ्यासमोर. "अहो, मी काही सोडून आलेले नाही. इथे दोन माणसांची जागा आहे. तुम्ही या." पलीकडून काय उत्तर आलं, ते ऐकू आलं नाही. फोन ठेवून म्हणाल्या, "टेकड्यांचा व्ह्यू आहे का, विचारत होते."

ते आले नाहीत. येणार कसे? त्या खिडकीपुढे नुसतं येऊन बसणं म्हणजे सही करून देण्यासारखं होतं. ऑफिसात ते तसेच होते, उलट जरा जास्तच टापटीप. मंडळात कोणी वहिनींची चौकशी केली तर म्हणायचे, "तिला चेंज हवा होता." त्या हिवाळ्यानंतरच्या वर्षी ते रिटायर झाले. निरोपाच्या केकवर कोणीतरी तो नकाशा काढायचं सुचवलं होतं. मी हाणून पाडलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मागच्या जुलैत. वहिनींना त्यांचं पुरणयंत्राचं खोकं आणि बिडाचा तवा हवा होता. "त्यांना सांगू नकोस मी पाठवलंय म्हणून," असं सांगून त्यांनीच मला किल्ली दिली. मी सकाळी अकराला गेले. बेल वाजवली, कोणी दार उघडलं नाही. आत गेले. दिवाणखाना तसाच, काचांवरून पाणी ओघळतंय, टॉवेल नाही. समोर टेकड्या. भिंतीवर पाटीचा फोटो. घर असं गार होतं की माझा श्वास मला दिसत होता.

लॉन्ड्रीचं दार लोटलेलं होतं. ढकललं.

खोपकर वहिनींच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. अंगात वहिनींचा जुना राखाडी स्वेटर, बाह्या मनगटाच्या वर राहिलेल्या. खुर्ची अगदी दारापर्यंत ओढलेली. डोळे मिटलेले, तोंड उन्हाकडे, हात मांडीवर उताणे. मशीनच्या झाकणावर त्यांचा चष्मा, वहिनींचा रेडिओ, अर्धा चहा. किती महिने तिथे बसत होते कोण जाणे. खुर्चीच्या पायांनी लिनोलियमवर चार पांढरे चट्टे पडले होते.

माझी चाहूल लागली तसे दचकून उठले आणि खुर्ची दोन्ही हातांनी मागे सावलीत ओढली. "कपडे टाकलेत," म्हणाले. "मशीन संपायची वाट बघतोय."

मी म्हटलं, तवा आणि पुरणयंत्र न्यायला आलेय. तवा त्यांनीच काढून दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून. पुरणयंत्राच्या खोक्याला सुतळी बांधली. बांधता बांधता, माझ्याकडे न बघता विचारलं, "तिच्याकडे ऊन येतं?"

"येतं. सकाळी नवापासून तीनपर्यंत."

त्यांनी गाठ मारली, ओढून पाहिली. मनातल्या मनात काहीतरी मांडत असावेत. ऑफिसात गणित करतानाचा तोच चेहरा होता.

"म्हणजे उत्तरेची खिडकी," ते म्हणाले.

"हो."

खोकं माझ्या हातात दिलं. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, पुन्हा उन्हाकडे तोंड करून, आणि म्हणाले, "तिला सांगा, मशीन संपलं की येतो."

मी मशीनकडे पाहिलं. झाकण बंद, वर रेडिओ. प्लगची पिन भिंतीतून काढून ठेवलेली होती.

निरोप मी वहिनींना शब्दाला शब्द दिला. पिनेचं काही सांगितलं नाही. त्यांनी तवा उन्हात ठेवला आणि खिडकीखालची सतरंजी एका बाजूला सरकवून शेजारी आणखी एका माणसापुरती जागा केली.